पिकअपचे आउटपुट आणि गिटारचा आवाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टर घडणीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची गिटार आहे. मी मुख्यतः हेवी मेटल वाजवतो. घरी मल्टिइफेक्ट प्रोसेसर आणि हेडफोन वापरतो. कार्यक्रमात मिळेल तो भाड्याचा ॲम्प असतो. दुकानदाराचे म्हणणे असे की माझे पिकअप जेमतेम ६ किलोओहम रोधाचे असल्यामुळे आवाजात वजन येत नाही, आणि ब्रिजपाशी १४ किलोओहमचा ‘हॉट’ पिकअप बसवला तर डिस्टॉर्शन दाट होईल. हा खर्च करावा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : डिस्टॉर्शन थोडे वाढेल, परंतु आपल्या व्यवस्थेत तेवढीच वाढ प्रोसेसरवरील गेनचे बटण किंचित फिरवून फुकट मिळते. पिकअप बदलल्यावर जो फरक खरोखर कानाला जाणवेल तो जोराचा नसून स्वराच्या रंगाचा असेल, आणि तो आपल्याला आवडेलच असे नाही. दुकानात पिकअप विकताना ‘आउटपुट जास्त’ हा गुण म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो एक सौदा आहे, आणि त्या सौद्यात काय हातचे जाते हे सहसा कोणी सांगत नाही.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक, लॅकरचा थर दिलेली तांब्याची तार. गिटारची पोलादी तार पिकअपवर कंप पावते, चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या तत्त्वापलीकडे यात काही नाही. हा दाब वाढवण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. एक, वेढे वाढवणे. दुसरा, चुंबक अधिक बलवान घेणे. बाजारातले बहुतेक ‘हॉट’ पिकअप प्रामुख्याने पहिल्या मार्गाने जातात, आणि मेख तिथेच आहे. बाकी रचना तीच ठेवून वेढे दुप्पट केले तर विद्युतदाब साधारण दुप्पट होतो, म्हणजे सुमारे ६ डेसिबलची वाढ मिळते. पण कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा तिचा विरोध, वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो चौपट होतो.

इंडक्टन्सची एवढी चिंता का करावी, तर पिकअप एकटा कधीच काम करत नाही. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मिळून एक अनुनादी मंडल तयार होते. या मंडलाच्या अनुनादाच्या कंप्रतेपाशी आवाजाला उठाव येतो आणि तिच्या वरचे उपस्वर झपाट्याने, दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबल या गतीने, कापले जातात. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्री धरला आणि पाच मीटर केबलसह एकूण कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरला, तर हा उठाव ४२०० हर्ट्झच्या आसपास येतो. केबल तीच ठेवून ७ हेन्रीचा भरगच्च पिकअप लावला की तो २५०० हर्ट्झच्या जवळ उतरतो. गिटारच्या ॲम्पमधले स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर फारसे काही ऐकवत नाहीत, आणि माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे ही सारी उलथापालथ नेमकी जिथे ऐकू येते तिथेच घडते. स्ट्रॅटची जी खणखणीत, काचेसारखी धार आपण ओळखतो ती त्या ४००० हर्ट्झजवळच्या उठावाची देणगी आहे; भरगच्च पिकअपमध्ये तो उठाव खाली सरकून मध्य पट्टा पुढे येतो, स्वर जाड वाटतो, आणि सहा तारांच्या कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येणे कठीण होत जाते.

मग असे पिकअप निघालेच कशासाठी? ॲम्पच्या पहिल्या टप्प्यांतले व्हॉल्व्ह अधिक जोराने ढकलण्यासाठी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्शलच्या मोठ्या ॲम्पना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे डिस्टॉर्शन तसेच ठेवून शेवटचा आवाज लहान करणारे बटण, नसे. डिस्टॉर्शन हवे असेल तर ॲम्प कान किटेपर्यंत मोठा करण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओ यांनी सुपर डिस्टॉर्शन हा सिरॅमिक चुंबकाचा, सुमारे १३.७ किलोओहमचा हंबकर (गुणगुण रद्द करणारा, दोन कॉइलचा पिकअप) बाजारात आणला, तेव्हा त्याचे काम स्पष्ट होते : ॲम्प थोडा लवकर फुटावा. १९७५ मध्ये मार्शलनेच मास्टर व्हॉल्यूमचे ॲम्प काढले, पुढे पेडल आणि हाय-गेन ॲम्प सर्वत्र झाले, आणि त्या कामाची निकड उरली नाही. आपल्या प्रोसेसरमध्ये वाया जाईल इतका गेन आहे. निकड संपली तरी विक्रीची भाषा मात्र तीच राहिली, असे माझे मत आहे.

वजनदार आवाजासाठी जास्त आउटपुट लागतेच हा समज खोडण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. एडी व्हॅन हॅलेनने स्वतः जुळवलेल्या गिटारमध्ये गिब्सनचा जुना, ‘पेटंट अप्लाइड फॉर’ काळातला हंबकर बसवला होता, आणि १९७८ च्या पहिल्या अल्बममधला तो गाजलेला आवाज त्यातूनच निघाला. हे पीएएफ हंबकर सेथ लव्हर यांच्या रचनेचे. लव्हर यांनी पेटंटसाठी अर्ज केला १९५५ मध्ये, ते मिळाले १९५९ मध्ये. या हंबकरांचा रोध साधारण ७ ते ९ किलोओहम भरतो, आणि आजच्या मोजमापाने त्यांचे आउटपुट मध्यमच म्हणावे लागेल.

गेन खूप असताना भरगच्च पिकअपचा आणखी एक तोटा होतो. खालच्या तारांचा जोर आधीच मोठा असतो. तो डिस्टॉर्शनच्या आधी आणखी वाढला की पाम म्यूट केलेले, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेले ठोके फुगीर आणि सैल ऐकू येतात. अनेक मेटल वादक हाय-गेन ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचे पेडल लावतात ते याचसाठी. त्या पेडलमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी होतो, मग उरलेला संकेत ॲम्पला मिळतो, आणि ठोके घट्ट होतात. आपल्या प्रोसेसरमध्ये या पेडलची नक्कल बहुधा असेलच. तिचा ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल वर, असे करून पाहावे. पिकअपचा विचार त्यानंतर.

तरीही बदल करायचाच असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गिटारच्या मानेजवळ तारेचा झोका मोठा आणि ब्रिजपाशी लहान असतो, म्हणून ब्रिजचा पिकअप थोडा जोरकस घेणे योग्यच आहे. पण फारच जोरकस घेतला तर मधला आणि मानेचा पिकअप त्याच्यापुढे दुबळे पडतील, आणि वाजवताना स्विच बदलला की आवाज खाली बसेल. दुसरे, स्ट्रॅटमध्ये सहसा २५० किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे बदलते रोध) असतात. सिंगल कॉइलचा तीक्ष्णपणा ते शमवतात, परंतु आधीच खाली आलेल्या हंबकरच्या उठावाला ते आणखी दाबतात, म्हणून हंबकरसाठी ५०० किलोओहमचे पॉट वापरण्याचा रिवाज आहे. तिसरे, नवा पिकअप निवडताना वेढ्यांपेक्षा चुंबकाच्या बळावर जोर मिळवणारा मध्यम पिकअप पाहावा. इंडक्टन्स फार न वाढता थोडा अधिक विद्युतदाब हाती येतो आणि वरची धारही बरीचशी टिकते.

आणि एक तपासणी आधी. प्रोसेसरऐवजी गिटार कधी थेट ऑडिओ इंटरफेसला जोडत असाल तर त्यावरचे ‘इन्स्ट्रुमेंट’ बटण दाबलेले आहे ना, ते पाहावे. लाइन इनपुटचा रोध बहुधा १० किलोओहमच्या घरात असतो, आणि त्याला थेट जोडलेला कोणताही पिकअप, सहा किलोओहमचा असो वा चौदाचा, निस्तेजच ऐकू येतो. यावर पिकअप बदलून इलाज होत नाही.

प्रश्न : मी मल्टिमीटरने ब्रिज पिकअपचा रोध मोजला. जानेवारीत सकाळी तो ७.४ किलोओहम होता, मे महिन्यात दुपारी ८.२ भरला. कॉइल खराब होत आहे का? की उन्हाळ्यात आउटपुट वाढते? — एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही नाही. तांब्याचा रोध तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की सुमारे ०.३९ टक्के वाढतो. १६ अंशांच्या सकाळी ७.४ किलोओहम दाखवणारी कॉइल ४३ अंशांच्या खोलीत ८.२ च्या आसपासच दाखवील. आपला मल्टिमीटर आणि आपला पिकअप, दोघेही ठणठणीत आहेत. वेढे तेवढेच, चुंबक तोच, म्हणून आउटपुटही जवळजवळ तेच. पिकअपच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याची आपल्या आकड्याशी तुलना करतानाही हे विसरू नये, कारण कारखान्यातली खोली नागपूरच्या मे महिन्यासारखी नसते.

आपल्या प्रश्नातून खरा मुद्दा पुढे येतो : किलोओहम हे आउटपुटचे माप नाही. कॉइलच्या तारेची लांबी आणि जाडी यांचे ते माप आहे. स्ट्रॅट आणि पीएएफ यांच्यात ४२ गेजची तार वापरली जाते. ४३ गेजची तार तिच्याहून बारीक, आणि तिचा दर मीटरला रोध सुमारे पाव पट जास्त. टेलिकास्टर या गिटारच्या मानेजवळचा छोटा पिकअप या ४३ गेजच्या तारेचा असतो आणि त्याचा रोध पुष्कळदा ब्रिजच्या पिकअपहून जास्त भरतो. प्रत्यक्षात मात्र तो ब्रिजच्या पिकअपपेक्षा सौम्य आहे, आणि टेलिकास्टर वाजवणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. उलट बाजूचे उदाहरण ग्रेचच्या फिल्टरट्रॉनचे. रे बट्स यांच्या रचनेचा हा हंबकर जुन्या रूपात अवघ्या ४ किलोओहमच्या आसपास असतो. केवळ आकडा पाहून कोणी त्याला मरतुकडा ठरवील, पण त्याच्या मोठ्या चुंबकामुळे तो भरदार बोलतो.

वर नाशिकच्या वाचकांना सुचवलेल्या १४ किलोओहमच्या पिकअपलाही हेच लागू आहे. सिंगल कॉइलच्या अरुंद जागेत बसणारे हंबकर फार बारीक तारेने गुंडाळावे लागतात, त्यामुळे त्यांचा रोध फुगतो; १४ हा आकडा ६ च्या सव्वादोन पट आहे म्हणून आवाजही तितक्या पट होईल असा हिशेब कोणी मांडू नये. एकाच कंपनीचे, एकाच घडणीचे, एकाच गेजचे दोन पिकअप समोर असतील तर किलोओहमवरून तुलना करण्यात अर्थ आहे. एरवी इंडक्टन्सचा आकडा मिळाला तर तो पाहावा. बरेच उत्पादक तो हल्ली हेन्रीमध्ये देतात, आणि पिकअपचा स्वभाव त्यावरून अधिक कळतो.

प्रश्न : आउटपुट वाढावे म्हणून मी स्ट्रॅटचे तिन्ही पिकअप स्क्रू फिरवून तारांच्या अगदी जवळ आणले. आवाज मोठा झाला, पण जाड तारांवर बाराव्या फ्रेटच्या पुढे एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखे होते आणि इंटोनेशन कितीही वेळा लावले तरी जुळत नाही. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून ब्रिजवर केलेली जुळणी, लागणारच नाही, कारण दोष ब्रिजमध्ये नसून पिकअपच्या उंचीत आहे. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली जो दांडा दिसतो तोच चुंबक असतो. तो फार जवळ आला की तारेला खाली खेचतो. पिकअपच्या दिशेने होणारा कंप आणि आडवा होणारा कंप यांच्या कंप्रता किंचित वेगळ्या होतात आणि दोन सूर एकमेकांशी भांडल्याचा भास होतो. शिवाय स्वर लवकर विझतो. मानेजवळ तारेचा झोका मोठा असल्यामुळे तिथला पिकअप सर्वाधिक उपद्रव देतो.

प्रथम तिन्ही पिकअप बरेच खाली न्या. मग जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून दांड्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजा. जाड तारेखाली ३ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २.५ मिलिमीटर ही सुरुवात चांगली आहे. तिथून अर्धा-अर्धा फेरा वर आणत ऐकत जावे आणि दुहेरी सुराची चाहूल लागताच मागे फिरावे. हंबकरमध्ये चुंबक कॉइलच्या खाली आडवा ठेवलेला असतो आणि तारांखाली नुसते लोखंडी खांब असतात, म्हणून ते याहून जवळ आणता येतात. त्याचप्रमाणे, उंची कमी केल्याने केवळ आवाज लहान होतो असे समजू नये. पिकअप दूर गेला की पिकच्या पहिल्या आघाताचा टोकेरीपणा ओसरतो आणि स्वराची शेपटी सापेक्षतः अधिक ऐकू येते. काही वादक हीच अवस्था पसंत करतात, आणि माझाही कल तिकडेच आहे. आउटपुटवर असा फुकटातला ताबा गिटारमध्ये दुसरा नाही, तरी लोक स्क्रूला हात लावण्याआधी नवा पिकअप मागवतात.

प्रश्न : मी हॉटेलांतल्या कार्यक्रमांत हंबकरची गिटार वाजवतो. गायकाच्या मागे साथ करताना गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला की आवाज लहान होण्याबरोबर झाकल्यासारखाही होतो. कमी आउटपुटचा पिकअप घेतल्यास व्हॉल्यूम दहावर ठेवूनच तोच परिणाम मिळेल का? माझी केबल दहा मीटरची आहे. — एक वाचक, मडगाव

उत्तर : तोच परिणाम मिळणार नाही, जो मिळेल तो आपल्याला अधिक आवडेल. व्हॉल्यूमचे बटण खाली आणले की पिकअप आणि केबल यांच्या मध्ये पॉटचा मोठा रोध येतो, अनुनादाचा उठाव मोडतो आणि केबलचा कपॅसिटन्स वरचे उपस्वर गिळतो. मुळातच सौम्य असलेला पिकअप पूर्ण उघडा ठेवला तर हा उठाव शाबूत राहतो.

मात्र पिकअप विकत घेण्याआधी केबलकडे पाहा. केबलचा कपॅसिटन्स दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरला तर आपल्या पिकअपवर एकट्या केबलचेच १००० पिकोफॅरडचे ओझे आहे. पहिल्या उत्तरातल्या २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपला ही दहा मीटरची केबल लावली तर त्याचा उठाव ४२०० वरून ३१०० हर्ट्झवर येतो, आणि नेमक्या त्याच जागी पाच मीटर केबल लावलेला ४.४ हेन्रीचा पीएएफ असतो. याचा अर्थ स्ट्रॅटची लगेच लेस पॉल (गिब्सनची हंबकर असलेली गिटार) होते असा नव्हे, कारण हंबकर तारेचा कंप दोन जागांहून टिपतो आणि त्यातही काही उपस्वर कमी होतात. पण केबलच्या लांबीचा परिणाम किती मोठा असतो हे यावरून कळावे. लहान मंचावर पाच मीटर पुरतात. लांब केबल टाळता येत नसेल तर गिटारपासून तीन मीटरवर एखादे बफर (पिकअपला पुढच्या केबलपासून वेगळे करणारे मंडल) असलेले पेडल ठेवावे. त्याच्या पुढची केबल पिकअपला दिसतच नाही.

व्हॉल्यूमच्या पॉटवर ट्रेबल ब्लीडचा, म्हणजे व्हॉल्यूम खाली आणला तरी वरचे उपस्वर जाऊ देणारा छोटा कपॅसिटर जोडून घेणे हा स्वस्त उपाय कोणताही वाद्य दुरुस्त करणारा करून देईल. आपल्या हंबकरमधून जोडणीच्या चार वायर बाहेर येत असतील तर त्याच्या दोन्ही कॉइल सिरीजऐवजी पॅरलल जोडणारा स्विचही बसवता येतो. पॅरललमध्ये विद्युतदाब सुमारे निम्मा होतो, इंडक्टन्स एक चतुर्थांशावर येतो, आणि गुणगुण रद्द करण्याची हंबकरची शक्ती कायम राहते. साथीसाठी कमी आउटपुटचा पिकअप आपल्या गिटारमध्ये आधीच बसलेला आहे, असे समजावे.

प्रश्न : आमच्या सदनिकेत पंख्याचा रेग्युलेटर चालू केला की सिंगल कॉइलमधून घरघर येते. जास्त आउटपुटचा सिंगल कॉइल घेतल्यास ती तुलनेने कमी होईल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. वेढे वाढवले की तारेचा संकेत वाढतो, तसाच त्याच कॉइलवर येणारा विजेच्या वाहिन्यांचा उपद्रवही वाढतो. दोघांचे प्रमाण जवळजवळ तेच राहते. फायदा होतो तो पिकअपच्या पुढे, म्हणजे ॲम्प किंवा पेडलमध्ये जन्मणाऱ्या सुसकाऱ्यापुरता. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधली घरघर थांबवण्यास एकमेकींच्या उलट जोडलेल्या दोन कॉइल लागतात, म्हणजे हंबकर किंवा एकावर एक कॉइल ठेवलेले सिंगल कॉइल. स्ट्रॅटच्या पाच जागांच्या स्विचवर दुसरी आणि चौथी जागाही, मधला पिकअप उलट गुंडाळलेला असल्यास, हेच काम करते. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवणे हा अर्थातच सर्वांत स्वस्त मार्ग, आणि मे महिन्यात सर्वांत कठीण.

प्रश्न : ॲक्टिव्ह पिकअपचे आउटपुट जास्त असते, तर त्यांचे इंडक्टन्सचे दुखणेही जास्त असावे. तरी त्यांचा आवाज स्वच्छ कसा? — एक वाचक, पुणे

उत्तर : ईएमजी ८१ सारख्या ॲक्टिव्ह पिकअपमधली कॉइल नेहमीच्या पॅसिव्ह पिकअपपेक्षा कमी इम्पीडन्सची असते. आउटपुट वाढते ते पिकअपच्या आतच बसवलेल्या छोट्या प्रीॲम्पमुळे, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. त्या प्रीॲम्पमुळे कॉइल आणि केबल यांची फारकत होते, म्हणून दहा मीटर केबलचाही आवाजावर फारसा परिणाम होत नाही, आणि पॉटही २५ किलोओहमचे चालतात. केबल, पॉट आणि ॲम्प यांच्या ओढाताणीतून पॅसिव्ह पिकअपला जो लहरी जिवंतपणा येतो तो मात्र इथे कमी असतो; आपल्याला तो हवा की नको हे आपल्या संगीतावर अवलंबून आहे. हे पिकअप बसवून घ्याल तेव्हा वाजवणे झाल्यावर गिटारमधून जॅक काढून ठेवण्याची सवय लावावी, कारण जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते.